प्रस्तावना : कणसाच्या वजनापासून हेक्टरी उत्पादनापर्यंत

मक्याचा एक वाण दुसऱ्याहून सरस ठरला, तर श्रेय वाणाचे की जमिनीचे? माळव्याच्या काळ्या रानात हा प्रश्न टाळता येत नाही. एकाच शेताचे एक टोक पाणी धरून ठेवते, तर दुसरे लवकर वाफशावर येते.

इंदूरचे या प्रश्नाशी जुने नाते आहे. 1924 मध्ये अल्बर्ट हॉवर्ड यांच्या नेतृत्वाखाली इथे वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. 1930च्या दशकात विनायक गोविंद पानसे तिथे कापसाच्या प्रयोगांना संख्याशास्त्राची जोड देत होते. पुढे त्यांनी पां. वा. सुखात्मे यांच्यासह कृषी संशोधकांसाठी सांख्यिकी पद्धतींचा ग्रंथ लिहिला. 1954 साली निघालेल्या या ग्रंथावर कृषी पदवीधरांच्या पिढ्या घडल्या.

पद्धतीचा गाभा सोपा आहे. कोणता वाण कोणत्या वाफ्यात पेरायचा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत पेरावा. कडेच्या ओळी हिशेबात धरू नयेत, कारण तिथल्या झाडांना ऊन आणि जागा जास्त मिळते. तुकडा फार लहान घेतला की उत्पादन फुगलेले दिसते, हे सुखात्मे यांनी 1940च्या दशकात पीक कापणीच्या पाहणीतून दाखवले होते.

आता एक उदाहरण करून पाहू. मधल्या दोन ओळी, प्रत्येकी 5 मीटर लांब, ओळींतले अंतर 60 सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्र 6 चौरस मीटर. सोललेली कणसे 5 किलो भरली आणि त्यांत दाण्याचा वाटा 80 टक्के निघाला, तर दाणे 4 किलो. हेक्टरी हिशेब सुमारे 66.7 क्विंटल. पण दाण्यांत ओलावा 24 टक्के असेल, तर 15 टक्क्यांवर आणल्यावर हाच आकडा 59.6 होतो. सात क्विंटल निव्वळ पाण्याचे होते! उशिरा पक्व होणारा वाण ओला तोलला, तर तो विनाकारण पहिला येईल.

विरळ झालेल्या वाफ्यातही घाई नको. तुटीच्या प्रमाणात उत्पादन सरसकट वाढवणे चूक, कारण मोकळ्या जागेशेजारची झाडे थोडी भरपाई करतात. म्हणून कापणीवेळी झाडे मोजून नोंद ठेवावी.

या विषयात शिरायला त्रैराशिक आणि चिकाटी पुरेशी आहे. बाकीचे गणित पुढच्या प्रकरणांत पायरीपायरीने येईल. आपल्या आकड्यावर भरवसा ठेवून शेतकरी बियाण्याची पिशवी विकत घेतो आणि सबंध खरीप त्यावर लावतो. तो आकडा प्रामाणिक असावा, यासाठी हा अभ्यास.