शब्दांधत्वापासून वाचनपरीक्षणापर्यंत

लोणार तालुक्यातील बीबी गावच्या एखाद्या मुलाने 'डोळा' हा छापील शब्द पाहून 'डोया' असा उच्चार केला, तर त्यास वाचता आले असे म्हणावयाचे की नाही? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु वाचनात मागे पडणाऱ्या मुलांच्या परीक्षणाचा इतिहास पाहिला असता त्याचे महत्त्व ध्यानी येते.

जर्मन वैद्य कुसमाउल यांनी १८७७ साली 'शब्दांधत्व' ही संज्ञा योजिली व १८८७ साली रुडोल्फ बेर्लिन यांनी 'डिस्लेक्सिया' हा शब्द दिला. दोघांचेही विवेचन मेंदूस इजा झालेल्या प्रौढांविषयी होते. १८९६ साली इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा बुद्धिमान व गणितात हुशार होता. तथापि पुष्कळ शिकवूनही त्यास साधे शब्द वाचता येत नसत. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, या दोषाचे मूळ बहुधा दृष्टीत नसून शब्दांतील ध्वनी वेगळे करण्याच्या शक्तीत असते, हे मत दृढ झाले.

महाराष्ट्रात १९९६ सालापासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. मराठीसह काही भारतीय भाषांसाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने सिद्ध केलेली 'डाली' ही परीक्षणसामग्री मात्र २०१५ साली उपलब्ध झाली. मराठीस स्वतंत्र परीक्षण हवे, याचे कारण तिच्या लिपीत आहे. इंग्रजीपेक्षा येथे चिन्ह व ध्वनी यांचा मेळ पुष्कळ नियमित आहे. परंतु चिन्हे संख्येने फार. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहावयाची व नंतर उच्चारावयाची. 'चक्र', 'सूर्य', 'ट्रक' आणि खुद्द 'वऱ्हाड' या शब्दांत एकच 'र' चार रूपे घेतो. मराठी मूल अडखळते ते बहुधा अशा ठिकाणी.

यात बोलीची भर पडते. वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' आणि 'ला'च्या जागी 'ले' येतो. 'डोळा' पाहून 'डोया' म्हणणाऱ्या मुलाने अक्षरे ओळखून शब्द आपल्या बोलीत उच्चारिला असण्याचा संभव असतो. असे असल्यास तो दोष नव्हे. उलटपक्षी, प्रत्येक चूक बोलीच्या माथी मारल्यास खरोखर अडलेले मूल दृष्टीआड होते. दोन्ही बाजूंनी अन्याय होतो तो मुलावरच.

हा भेद करण्याची एक वाट फलटण येथील कार्यात दिसते. भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी तेथे १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापिली. वर्णमालेचा क्रम सोडून निवडक अक्षरे व स्वरचिन्हे यांचे लहान गट करावयाचे आणि त्यांतून लगेच अर्थपूर्ण शब्द वाचावयास द्यावयाचे, अशी ही पद्धती आहे. अशा शिक्षणाने जे मूल वाचू लागते, त्याची उणीव शिकवण्यातील होती. जे तरीही अडते, त्याचे तज्ज्ञांकडून परीक्षण झाले पाहिजे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस मान्यता दिली. २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्राथमिक छाननीचे काम शाळेतील शिक्षकांकडे सोपविले. म्हणजे बीबीच्या मुलाविषयीचा पहिला निर्णय दूरच्या शहरातील रुग्णालयात नव्हे, तर गावच्या वर्गातच होणार. 'डोया' ऐकताच शिक्षकाने लाल खूण करण्यापूर्वी त्या मुलास 'डोळा' व 'डोकं' हे शब्द शेजारी लिहून दाखवावे, आणि मूल त्यांत भेद करते की नाही हे पाहावे. शास्त्राचा आरंभ एवढ्याने होतो.