उष्णोदकाची तीर्थे आणि त्यांची नावे

सह्याद्रीच्या पायथ्याशी, आडवाटेवर असलेली उष्णोदकाची कुंडे पाहावयास जाणारा जिज्ञासू तेथे प्रथम शिलालेख शोधतो, आणि तो न आढळल्यास या स्थानाला इतिहास नाही असे समजून परततो. वस्तुतः अशा स्थळाचा सर्वांत जुना लेख बहुधा त्याच्या नावातच असतो.

संस्कृतातील ‘ष्ण’ या जोडाक्षराचा प्राकृतात ‘ण्ह’ होतो. कृष्णाचा कण्ह व पुढे कान्हा झाला; तृष्णेची तण्हा व पुढे तहान झाली. त्याच न्यायाने ‘उष्ण’ शब्दाचे ‘उण्ह’ आणि मराठीत ‘ऊन्ह’, ‘ऊन’ झाले. कोकणात ऊन पाण्याच्या झऱ्यास ‘उन्हाळे’ म्हणतात. आता गावांची नावे पाहावीत : पालीजवळचे उन्हेरे, दापोली तालुक्यातील उन्हवरे, राजापूरनजीकचे उन्हाळे, खानदेशात चोपडे तालुक्यातील उनपदेव. दक्षिण गुजरातेतील उनाईही याच कुळातील दिसते. ही नावे कोणा पंडिताने योजिलेली वाटत नाहीत. त्या पाण्यात ज्यांनी प्रथम हात घातला, त्यांचा उद्गारच त्यांत उमटला आहे.

पुराणकथांचा संबंध मागाहून जोडला गेला असावा. शरभंग ऋषींसाठी प्रभु रामचंद्रांनी बाण मारून उनपदेवाचे पाणी काढले, असे सांगतात. उनाईलाही रामबाणाचीच कथा आहे; शिवाय सीतामाईने ‘हूं नाही’, म्हणजे ‘मी न्हाले’, असे म्हटल्यावरून ते नाव पडले, अशी लोकव्युत्पत्ती आहे. ती आदराने ऐकावी. परंतु मूळ शब्दाचा अर्थ विस्मृतीत गेला म्हणजे कथा ती उणीव भरून काढते, हेही ध्यानात ठेवावे.

पालघरपासून राजापूरपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटरांच्या पट्ट्यात हे झरे विखुरलेले आहेत. त्यांची ऊब ज्वालामुखीची नव्हे. दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तो केव्हाच निवाला. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. उन्हवऱ्यास ते सुमारे ७० अंश सेल्सिअस असते. म्हणून उगमाशी थेट पाय घालू नये. भारतातील सुमारे ३०० उष्ण झऱ्यांची टॉमस ओल्डहॅम यांनी केलेली सूची त्यांच्या पश्चात १८८२ साली प्रसिद्ध झाली.

हिमालयात ‘तप्त’ शब्दाचे ‘तत्त’ होऊन सतलजकाठी तत्तापानी हे नाव रूढ झाले. तेथील जुनी कुंडे २०१५ साली सुरू झालेल्या कोल धरण प्रकल्पाच्या जलाशयात बुडाली. केदारनाथच्या वाटेवरील गौरीकुंडाचे तप्तकुंड जून २०१३ च्या महापुरात उद्ध्वस्त झाले. पाणी लुप्त झाले, तरी नाव साक्ष देत राहते. नावही पुसले गेले, तर मात्र तेथे काय होते हे सांगणारे कोणी उरत नाही.

यास्तव अशा स्थळी जाणाऱ्याने स्नानापूर्वी एवढे करावे : गावातील वृद्धांस झऱ्याचे, वाडीचे, ओढ्याचे नाव विचारावे आणि ते ज्या उच्चाराने सांगतील त्याच उच्चाराने लिहून ठेवावे. शुद्ध करण्याच्या भरात त्यास संस्कृत रूप देऊ नये. ‘उन्हवरे’ या अशुद्ध भासणाऱ्या शब्दातच ‘उष्ण’ शब्दाचा सारा प्रवास सुरक्षित आहे. त्याचे ‘उष्णपूर’ केले, तर संस्कृत शब्द मिळेल, पण इतिहास हरपेल.