दोरी ओढली, पण जनित्र बोलेना

मंडळी, लग्नाचा मांडव असो, जत्रेतला तमाशाचा फड असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, दिवे गेले की सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या त्या लहानशा पेट्रोलच्या जनित्राकडे वळतात. कोणीतरी पुढे होऊन दोरी ओढतो. एकदा, दोनदा, दहादा. जनित्र हूं की चूं करीत नाही. मग सल्ल्यांना ऊत येतो. एकजण चोक ओढा म्हणतो, दुसरा ढकला म्हणतो, आणि तिसरा पाना घेऊन कार्बोरेटरच उघडायला बसतो.

या तिसऱ्याला आधी थांबवा. इंजिन सुरू का होत नाही, या प्रश्नाशी माणसे दीडशेहून अधिक वर्षे झगडली आहेत. इंधन, ठिणगी आणि दाब या तीन ठिकाणी त्यांचे घोडे अडले, आणि आपले जनित्रही बहुधा तेथेच अडते.

आता एक माहेरवाशिणीची हकीकत ऐका. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील मानहाइम येथून बेर्टा बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. वाहन होते नवरा कार्ल बेंझ याने बनवलेली तीनचाकी मोटारगाडी. वाट शंभर किलोमीटरच्या आसपास. एवढ्या लांब तोवर कोणी मोटार नेलीच नव्हती. वाटेत इंधन संपले, तेव्हा तिने वीस्लोख गावी औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचे द्रव विकत घेतले. त्या काळी ते कपड्यांचे डाग काढण्यासाठी वापरीत. पुढे इंधनाची नळी तुंबली. बाईने डोक्यावरच्या टोपीची पिन काढून नळी मोकळी केली. मग ठिणगीच्या तारेचे आवरण घासून गेले, तर तेथे मोज्याचा बंद गुंडाळला, असे सांगतात. गाडी माहेरी पोहोचली.

पाहा, तुंबलेली नळी आणि हुकलेली ठिणगी! आजचा फिटरसुद्धा याहून वेगळे काय शोधतो?

पैकी इंधनाची तपासणी सर्वांत सोपी, म्हणून ती पहिली. टाकीत पेट्रोल आहे का, कॉक उघडा आहे का, आणि मुख्य म्हणजे ते पेट्रोल कधीचे आहे? १८९३ साली विल्हेल्म मायबाख याने बारीक छिद्रातून इंधनाचा फवारा उडवणारा कार्बोरेटर बनवला. तेच छिद्र, म्हणजे जेट, आजही आपल्या जनित्रात आहे आणि ते मिलिमीटरहूनही बारीक असते. चार-सहा महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर त्यात बसला की संपले. शिवाय २०२५ सालापासून आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याच उसाच्या मळीपासूनही ते बनते, ही आनंदाची गोष्ट. पण ते हवेतले पाणी ओढते, आणि पाणी फार झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. म्हणून हंगाम संपला की टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. चोकचा वादही येथेच मिटवू. इंजिन थंड असेल तर चोक लावायचा, तापलेले असेल तर नाही.

ठिणगीचा इतिहास अधिक खडतर आहे. १८६० साली पॅरिसला लेनुआरने विजेच्या ठिणगीवर इंजिन चालवले खरे, पण बॅटरी आणि वेटोळी यांचा तो संसार फार नाजूक होता. पुढे डाइमलरने ज्योतीने तापवलेल्या नळीवर इंजिन पेटवण्याची युक्ती काढली. पेट्रोलशेजारी उघडी ज्योत, म्हणजे केवढे धाडस! अखेर १९०२ साली श्टुटगार्टच्या बॉश कारखान्यातील होनोल्ड याने उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. फिरत्या चुंबकातूनच ठिणगी निघू लागली, बॅटरीची गरज राहिली नाही. आपण दोरी ओढतो तेव्हा हेच घडते, चाकावरचा चुंबक वेटोळ्यासमोरून झपकन जातो. दोरी हळू ओढली तर ठिणगी दुबळी. म्हणून प्लग काढून पाहावा. काळा असेल तर घासावा, ओला असेल तर वाळवावा. ठिणगी तपासायची तर कॉक बंद करून, सांडलेल्या पेट्रोलपासून दूर.

आणखी एक नवी गंमत. पुष्कळशा जनित्रांत आता ऑइल कमी झाले की ठिणगीच तोडणारी योजना असते. जनित्र उतारावर ठेवले तरी ती फसते. दहा माणसे घामाघूम होतात आणि दोष असतो जमिनीचा!

राहिला दाब. लेनुआरच्या इंजिनात दाब नव्हताच. ऑटोने १८७६ साली मिश्रण दाबून पेटवले आणि चार ठोक्यांचे इंजिन जन्माला आले. दोरी ओढताना हाताला जो अडथळा लागतो, तो हा दाब. दोरी लोण्यातून यावी तशी आली, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा गेल्या, मेस्त्रीला बोलवा.

इंजिन बोलले, तरी ते मांडवाबाहेर, मोकळ्या हवेतच चालू द्या. बंद खोलीत त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसे मारतो, आणि त्याला वासही नसतो.

कधी कधी इंजिन झकास चालते, पण दिवा लागत नाही. त्याचे एक कारण १८६७ सालात सापडते. त्या वर्षी बर्लिनच्या विद्वत्सभेपुढे वेर्नर झीमेन्सचा निबंध आला. लोखंडात उरलेल्या किंचित चुंबकत्वावरच जनित्र आपली वीज आपण उभी करू शकते, असे त्यात होते. आपल्याकडच्या पुष्कळ जनित्रांचा जीव याच उरल्यासुरल्या चुंबकत्वात असतो. यंत्र फार दिवस पडून राहिले की तेही उतरते. मग दोरी कितीही ओढा, उपयोग नाही. बॅटरी जोडून ते चुंबकत्व परत जागे करावे लागते, आणि ते काम वायंडिंगवाल्याकडेच द्यावे.