उठवता येणारं घर

यंदा भात झोडून झालं, साजगावची जत्रा उरकली, सुका बाजार घरात आला आणि मग शेतावरच्या जुन्या घराला हात घातला. नैऋत्येचा कोपरा साडेतीन इंच खचला होता. दार अर्ध्यात अडकायचं, कौलांची ओळ वाकडी दिसायची. घरातल्या तरुण मंडळींचं म्हणणं, "पाडा आणि स्लॅब टाका." मी सुतारकाकांना बोलावलं.

त्यांनी आधी भिंतीकडे बघितलंच नाही. खांबाच्या बुडाशी बसले, माती उकरली आणि म्हणाले, "हे घर उचलता येतं. बांधणाऱ्याने उठायच्या तयारीनेच बांधलंय."

त्या वाक्यामागे आमच्या घराचा इतिहास आहे. आजोबा कूळ होते. जमीन दुसऱ्याची, घर मात्र स्वतःच्या पैशाचं. कुळाला कधी उठवतील याचा नेम नव्हता, म्हणून त्यांनी खोल पाया खणलाच नाही. ऐनाचे खांब दगडी तळखड्यांवर नुसते उभे केले. वर तुळया, खाचेत बसवून लाकडी खुंट्या ठोकलेल्या. भिंती कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या. छपराचा भार सगळा खांबांवर, भिंत फक्त आडोसा. उद्या उठावं लागलं तर खुंट्या काढायच्या, खांब-तुळया गाडीत भरायच्या आणि चालू लागायचं.

ही भीती एकट्या आजोबांची नव्हती. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, अलिबागजवळच्या चरीला नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी न कसता संप केला. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला. त्यात जमिनीबरोबर घराचाही विचार होता. कुळाने स्वखर्चाने मालकाच्या जागेत बांधलेल्या राहत्या घरातून त्याला सहजासहजी काढता येऊ नये, आणि ती घराखालची जागा विकायची झाली तर पहिला हक्क कुळाचा, अशी कलमं आहेत. मग १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कसणारा मालक झाला. त्यानंतर आजोबांनी कुडाला बाहेरून दगडी जोतं बांधलं. खांब मात्र तसेच ठेवले.

मग इतकी वर्षं टिकलेलं घर आत्ताच का खचलं? चूक माझी. काही वर्षांपूर्वी मी अंगणात मुरूम टाकला आणि खाचराचा बांध घराच्या बाजूला सरकवला. दरवर्षी चिखलणी केल्याने खाचराखाली घट्ट थर बसतो. पाणी खाली मुरत नाही, आडवं सरकतं. वाट बंद झाल्यावर ते जोत्याखाली आलं. वरून पागोळ्याही तिथेच. तळखड्याखालची माती मऊ झाली आणि दगड खांबासकट खाली गेला. खांबाचं बूड नऊ इंच कुजलेलं, वाळवीही लागलेली.

म्हणून जॅक लावण्याआधी चर खणला. बांध मागे घेतला, पाणी ओढ्याकडे वळवलं, आठ दिवस माती वाळू दिली. त्या कोपऱ्यावरची कौलं उतरवली. तुळईखाली टेकू दिले. जॅक थेट मातीवर ठेवला असता तर घर वर जाण्याऐवजी जॅकच खाली गेला असता, म्हणून खाली जाड फळ्यांची आडवी-उभी बैठक केली. लेव्हलच्या नळीत पाणी भरून चारही खांबांवर खुणा केल्या. मग सकाळी पाव इंच, संध्याकाळी पाव इंच. मध्ये मध्ये जुनं लाकूड कुरकुरायचं. काका हात वर करायचे, सगळे थांबायचो. खांब अधांतरी झाल्यावर कुजका भाग कापला, खालची मऊ माती काढून दगड-मुरूम धुम्मसने ठोकला, तळखडा उंच बसवला, वर पक्क्या लाकडाचा जोड दिला.

तीन इंचांवर काका थांबले. "उरलेला अर्धा इंच राहू द्या. घराला सवय झालीय, जास्त ओढलंत तर दुसरीकडे फाटेल."

अमेरिकेतल्या शिकागो शहराने हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. तळ्याकाठची सखल, दलदलीची जमीन, निचरा नाही, पटकीच्या साथी. गटारं घालायला रस्ते उंच केले, तेव्हा इमारतीही उचलल्या. जानेवारी १८५८ मध्ये चार मजली विटांची इमारत दोनशे स्क्रू-जॅकवर सहा फुटांहून अधिक वर नेली. तिथेही मूळ दुखणं पाण्याचंच.

तुमचं जुनं घर कललं असेल तर पाडायच्या आधी एकदा पावसात छत्री घेऊन त्याच्याभोवती फिरा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते बघा. चर पहिला, जॅक नंतर.

आता दार एका बोटाने लागतं. उठवलं जाण्याच्या धाकाने आजोबांनी जे घर हलकं बांधलं, त्या हलकेपणामुळेच ते आज जागेवर राहिलं.