संजानचा राणा, बहारोटची लेणी आणि माणसाची आठवण

बोर्डीजवळच्या बारड डोंगरावर बहारोटची लेणी आहेत. संजानवर हल्ला झाला तेव्हा पारशी लोक आपला पवित्र अग्नी घेऊन इथे आले आणि बारा वर्षं राहिले, असं 'किस्सा-ए-संजान' सांगतो. नवसारीच्या बहमन कैकोबाद या धर्मगुरूने तो 1599 मध्ये फारसीत लिहिला.

त्यात आधीचा एक प्रसंग आहे. इराण सोडून आलेले लोक तलासरीच्या पलीकडे, संजानला उतरतात आणि जादी राणाकडे आश्रय मागतात. राणा विचारतो, तुमचा धर्म काय? मग अटी घालतो: इथली भाषा बोला, बायकांनी इथला पेहराव करावा, शस्त्रं ठेवा, लग्नं संध्याकाळी लावा. म्हणजे बघा, आश्रयाची मुलाखतच झाली ही!

आता तपशील तपासू. आले कधी? कुणी 716 म्हणतं, कुणी 936. आणि दुधात साखर विरघळवल्याची गोष्ट? सगळ्यांना माहीत असलेली ती गोष्ट किस्स्यात नाहीच. मग पारशी आलेच नाहीत का? आले की! तपशील हलले, गाभा टिकला.

ही झाली समाजाची आठवण, पिढ्यान् पिढ्या सांगितलेली. पण एकट्या माणसाचं काय? आज आश्रयाचा अर्ज तपासणारे अधिकारी अनेकदा हेच बघतात: पहिल्या आणि दुसऱ्या मुलाखतीत फरक पडला का? पडला, तर माणूस खोटारडा.

2002 मध्ये जेन हर्लिही आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या 39 कोसोवो आणि बोस्नियाच्या निर्वासितांना तेच प्रसंग दोनदा विचारले. त्यांना राहायची परवानगी आधीच मिळालेली, म्हणजे खोटं बोलून काही फायदा नव्हता. तरीही उत्तरांत फरक पडले, आणि मुख्य घटनेपेक्षा बारीकसारीक तपशिलांत जास्त. ज्यांना आघाताचा त्रास जास्त होता, त्यांच्यात मुलाखतींमधलं अंतर वाढलं तसे फरकही वाढले.

यावरून खरं कोण बोलतंय ते कळत नाही. फक्त एवढं कळतं, की नुसता फरक म्हणजे खोटेपणाचा पुरावा नव्हे. पण एवढंही खूप आहे, कारण चुकीचा 'नाही' माणसाला परत त्याच ठिकाणी पाठवतो, जिथून तो जीव मुठीत धरून पळाला.

भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. अनेक देशांतून आलेल्यांचे अर्ज इथे संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था तपासते. म्हणजे राणाचा प्रश्न आजही विचारला जातो. उत्तर ऐकताना तारीख चुकली म्हणून गोष्टच फेकून द्यायची का, एवढंच ठरवायचंय.

भेटू पुढच्या भागात!