सहजीवी युग्मताऱ्यांची अवरक्त निरीक्षणे : गुरुशिखर, २००६

सहजीवी युग्मताऱ्यात तांबडा राक्षसी तारा व श्वेत बटू परस्परांभोवती फिरतात. भुजंगधारी तारकासमूहातील आर. एस. ऑफियुची हे त्याचे ठळक उदाहरण होय. १८९८ पासून त्याचे अनेक स्फोट नोंदले गेले. १२ फेब्रुवारी २००६ च्या स्फोटानंतर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील दास, बॅनर्जी व अशोक यांनी गुरुशिखर येथील १.२ मीटर व्यासाच्या दूरदर्शकातून त्याचे अवरक्त वर्णपट घेतले. उत्सर्जनरेषा दिवसागणिक अरुंद होत गेल्या. राक्षसी ताऱ्याच्या वाऱ्यात शिरलेला आघात-तरंग मंदावत असल्याचा हा पुरावा होता. स्फोटांत बटू मिळविलेल्यापेक्षा कमी द्रव्य गमावीत असेल, तर तो चंद्रशेखर मर्यादेकडे सरकतो. त्या निर्णयासाठी मध्यम दूरदर्शकाची सलग निरीक्षणेही मोलाची ठरतात.