अहमदनगरच्या किल्ल्यातील झटापट : कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज

१/ २५ डिसेंबर १८८३. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत एका राजाचा मृत्यू झाला. वय अवघे वीस. ते होते करवीरचे छत्रपती, चौथे शिवाजी महाराज.

२/ राजाराम महाराज १८७० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले आणि पुढील वर्षी आठ वर्षांचे नारायणराव भोसले दत्तक येऊन शिवाजी महाराज झाले. १८८२ मध्ये त्यांना वेडे ठरवण्यात आले. कारभार कागलच्या जयसिंगराव घाटगे यांच्याकडे रीजन्ट म्हणून गेला आणि महाराज गोऱ्या पहारेकऱ्यांच्या हवाली झाले.

३/ महाराजांचा छळ होतो आहे, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ने केला होता. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. आधाराला घेतलेली पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. पत्रे खोटी होती, हे खरेच. पण म्हणून पहाऱ्यातील वागणुकीचा प्रश्न खोटा ठरत नव्हता. पुढच्याच वर्षी तो महाराजांच्या मृत्यूने पुन्हा उभा राहिला.

४/ मृत्यूचे कारण सांगितले गेले : प्लीहा फुटली. हे कारण त्या काळी फार ओळखीचे होते. हिवतापाने वाढलेली प्लीहा थोड्या आघातानेही फुटते, हे वैद्यकीय सत्य. परंतु एतद्देशीयांना मारणाऱ्या गोऱ्यांच्या बचावातही तेच पुढे येई. आग्र्याच्या फुलर नावाच्या वकिलाने मारलेला मोतद्दार असाच दगावला, आणि शिक्षा झाली ३० रुपये दंडाची! इथे तर प्लीहा छत्रपतींची होती.

५/ दुसरा मार्ग इंग्रजांना ठाऊक नव्हता काय? लंडनजवळच्या हॅनवेल येथे जॉन कोनोली यांनी १८३९ मध्येच रुग्णांच्या बेड्या, पट्टे काढून टाकले होते. त्यांची भिस्त शांतपणे बोलणाऱ्या, पुरेशा संख्येने असलेल्या आणि नीट शिकवलेल्या सेवकांवर होती. रुग्ण खवळला तर त्याला अवधी द्यावा, अंतर राखावे, कशाने बिथरला ते शोधावे. आजची मानसोपचार रुग्णालये ज्याला संवादाने शांत करणे म्हणतात, त्याचे मूळ येथे सापडते. सैनिकाला मात्र आवरण्याची एकच रीत शिकवलेली असते.

६/ भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळदंड व एकांतकोठडी निषिद्ध केली. तात्काळ इजा टाळण्याचा अन्य उपाय नसेल तरच, तेही प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने, शारीरिक बंधन घालता येते. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून ते घालता येत नाही.

७/ महाराजांच्या विधवा राणी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी दत्तक घेतला. मुलगा रीजन्ट घाटग्यांचाच, नऊ वर्षांचा यशवंतराव. पुढे तो राजर्षी शाहू महाराज म्हणून ओळखला गेला.